भरमार : घरी बनवलेल्या बंदुकीची कायदेशीर गोष्ट

मंडळी, या विकेंडचा विषय जरा स्फोटक आहे, आणि तोही शब्दशः! गेले काही शनिवार-रविवार मी १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट वाचत बसलो होतो. (माहितीये, लोक विकेंडला सिनेमे बघतात.) आपल्याकडे कोणी स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने, स्वतःपुरती बंदूक बनवली तर कायदा काय म्हणतो, एवढाच साधा प्रश्न डोक्यात होता. उत्तर एका ओळीत मिळतं: परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे. पण ते शोधताना कलम १३ च्या पोटकलम ३ पाशी गाडी अडकली ती अडकलीच.

हे पोटकलम म्हणतं की एखाद्या माणसाने पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी तोंडाने भरायची बंदूक मागितली, तर परवाना देणारा अधिकारी तो परवाना 'देईल'. 'देऊ शकेल' नाही, 'देईल'. आपण सॉफ्टवेअरवाले स्पेसिफिकेशन वाचताना 'मस्ट' आणि 'मे' यातला फरक रक्त आटवून शिकलेले असतो, त्यामुळे हा शब्द डोळ्यात भरला. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल मागणाऱ्याला आपल्याकडे योग्य कारण आहे हे आधी पटवून द्यावं लागतं. शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीला मात्र संसदेने वेगळी, सोपी वाट ठेवली. (पुढचं कलम १४ नकाराची कारणं सांगतं आणि ते १३ च्या वर चढतं, त्यामुळे हक्क अगदी बिनशर्त नाही. तरी पण...)

ही तोंडाने भरायची बंदूक म्हणजेच आमच्याकडची 'भरमार'. भरा आणि मारा. नळीच्या तोंडातून बार ठासायचा, एक आवाज काढायचा, की पुन्हा पहिल्यापासून सगळं. कोकणात हिलाच ठासणीची बंदूक म्हणतात.

माझं गाव कुडवा. गोंदिया शहराला इतकं चिकटलेलं की शहर कुठे संपलं आणि कुडवा कुठे सुरू झालं हे पाटी बघूनच कळावं. कुडव्यात आता रानडुकरं येत नाहीत, प्लॉट पाडणारे येतात. पण तासा-दीड तासावर सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या बाजूला जा. धान लोंबीवर आलं की रात्री बांधीत डुकरांचा कळप उतरतो आणि सकाळी शेतकऱ्याला लोळवलेलं पीक बघायला मिळतं. मचाणावर बसून डबे वाजवायचे, फटाके फोडायचे, नाहीतर भरमार. 'भरमार जप्त' ही बातमी पूर्व विदर्भातल्या वर्तमानपत्रांना नवीन नाही. कधी शिकाऱ्याकडे सापडते, कधी नक्षलवाद्यांच्या शस्त्रसाठ्यात, कधी एखाद्या घरात आज्याच्या वेळेपासून पडलेली. बहुतेक भरमारींवर कुठल्याही कारखान्याचा शिक्का नसतो. कुणीतरी लोहाराने बनवलेली, म्हणजे आजच्या इंग्रजी चर्चेत जिला 'घोस्ट गन' म्हणतात तीच ही, फक्त दीडशे वर्षं आधीची व्हर्जन.

मग हा कायदा इतका कडक का, आणि इतका कडक असूनही त्यात शेतकऱ्यासाठी ही खिडकी का? त्यासाठी मागे जावं लागतं.

१८५७ च्या आधी या देशात बंदूक बनवणं हा धंदा होता, गुन्हा नव्हता. उठावाच्या ऐन धामधुमीत कंपनी सरकारने १८५७ चा अठ्ठाविसावा कायदा केला आणि शस्त्रं आणणं, बनवणं, विकणं यावर पहिल्यांदा बंधनं घातली. १८६० मध्ये आणखी एक. मग लॉर्ड लिटनच्या काळात आला १८७८ चा सुप्रसिद्ध (की कुप्रसिद्ध) आर्म्स अ‍ॅक्ट. त्यातली खरी मेख कलमांमध्ये नव्हती, सवलतींमध्ये होती. परवाना लागायचा तो हिंदी माणसाला; युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांना सूट. म्हणजे एकाच गावात साहेबाच्या खांद्यावरची बंदूक कायदेशीर आणि पाटलाच्या खांद्यावरची बेकायदा, फरक फक्त कातडीचा. ही वांशिक सूट १९२० पर्यंत टिकली.

लोकांना काय टोचलं असेल ते उघड आहे. काँग्रेस स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हा १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव झाला. आणि हो, तेव्हाची काँग्रेस म्हणजे कोट-टायवाली, अर्ज-विनंत्यांची काँग्रेस!

आता माझा आवडता भाग. १९०८ चा जून महिना. मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतर सरकारने ८ जूनला दोन कायदे एकाच दिवशी मंजूर केले, एक स्फोटक द्रव्यांवर आणि एक वर्तमानपत्रांवर. दुसऱ्याच दिवशी, ९ जूनला, 'केसरी'त अग्रलेख आला: 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. टिळकांचा मुद्दा थोडक्यात असा होता. तोफा-बंदुका सरकार लोकांच्या हातून काढून घेऊ शकतं, कारण त्या वस्तू आहेत. बॉम्बचं तसं नाही. त्याला मोठा कारखाना लागत नाही, ती वस्तूपेक्षा विद्या जास्त आहे, आणि विद्या जप्त करता येत नाही. तेव्हा कायदे कडक करून हे थांबणार नाही, लोकांना राजकीय हक्क देऊनच थांबेल.

हा अग्रलेख आणि १२ मेचा 'देशाचे दुर्दैव', या दोन लेखांवर राजद्रोहाचा खटला चालला. २२ जुलै १९०८ ला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची आणि हजार रुपये दंडाची शिक्षा दिली, आणि टिळक मंडालेला गेले. आपण शाळेत या खटल्याची गोष्ट ऐकतो ती टिळकांच्या बाणेदार उत्तरासाठी. त्या लेखात बनवण्याच्या ज्ञानावर कायदा कसा लागू करणार हा शंभर टक्के तांत्रिक प्रश्न विचारलेला आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

एक गंमत बघा. त्याच वर्षाच्या मागेपुढे महाराष्ट्रातल्या क्रांतिकारकांनी पिस्तुलं बनवली नाहीत, ती लंडनहून मागवली. सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेल्या वीस ब्राउनिंगपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बॉम्बची मात्र वस्तू नाही आली, कृती आली. सेनापती बापट पॅरिसहून रशियन क्रांतिकारकांचं मॅन्युअल मिळवून घेऊन आले होते. बंदूक इंपोर्ट, बॉम्ब डाउनलोड. टिळकांचं निदान किती अचूक होतं याचा याहून चांगला पुरावा नको.

गांधीजी १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरत होते तेव्हा त्यांनीही आर्म्स अ‍ॅक्टची गणना इंग्रजांच्या सगळ्यात काळ्या कृत्यांमध्ये केली होती. हे वाक्य आजकाल शस्त्रपरवानावाले लोक फार आवडीने वापरतात, आणि त्याच्यापुढची नागपूरची गोष्ट गाळतात. ती गोष्ट आपल्या विदर्भातली, म्हणून थोडी सविस्तर.

१९२७ साली नागपुरात मंचरशा आवारी नावाच्या पारशी तरुण पुढाऱ्याने (लोक त्यांना 'जनरल आवारी' म्हणत) सत्याग्रह सुरू केला. मागणी बंगालमध्ये विनाचौकशी डांबलेल्या राजबंद्यांच्या सुटकेची, आणि मोडायचा कायदा ठरवला आर्म्स अ‍ॅक्ट! लोक उघड्यावर तलवारी घेऊन मिरवणुकीत निघायचे आणि पकडून घ्यायचे. मिठाच्या सत्याग्रहाच्या तीन वर्षं आधी. कल्पना म्हणून जबरदस्त आहे: कायदा मोडायचाच तर जो सगळ्यात अपमानकारक वाटतो तो मोडू. पण गांधीजींनी 'यंग इंडिया'त याला पाठिंबा नाकारला. हातात शस्त्र घेऊन अहिंसक सत्याग्रह कसा होईल हा त्यांचा सवाल. आवारी तुरुंगात गेले आणि आत दीर्घ उपोषणाला बसले. आमच्या भागाला याचं कौतुक असायला हवं, पण गोंदियात दहा जणांना विचारा, दहाच्या दहा जण 'कोण आवारी?' म्हणतील.

पुढे १९३१ मध्ये कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियम आणि बंधनांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही लिहिलेला होता. म्हणजे स्वातंत्र्य मिळेल तेव्हा हा हक्क राज्यघटनेत येणार, असं छापील वचनच झालं की.

आलं का? नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हा विषय काढला तो हरी विष्णु कामत यांनी. माणूस मोठा इंटरेस्टिंग, आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेला, आणि सभेत प्रतिनिधी कुठला तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा. तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात होता, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या आमचाच माणूस! त्यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांचं म्हणणं, आज आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नाही, देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा. आणि हक्क सरसकट दिला तर तो सराईत गुन्हेगारालाही द्यावा लागेल. फाळणीच्या कत्तली होऊन पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं, हे लक्षात घेतलं तर सभेचा कल समजतो. मला स्वतःला आंबेडकरांचं म्हणणं पटतं. पण एक मोठं वचन गपचूप मागे घेतलं गेलं, हेही खरं.

१९५९ चा कायदा हा त्या मागे घेतलेल्या वचनाची नुकसानभरपाई असावा, असं मला वाचताना वाटत राहिलं. (हे माझं मत हं.) हक्क नाही, पण साध्या माणसाला परवाना सुलभ करू. शेतकऱ्याला भरमार 'देईल'. आणि भरमारीने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला.

आता घोळ कुठे आहे तो बघा. कलम ३ बंदूक 'बाळगण्या'च्या परवान्याबद्दल आहे. कलम ५ 'बनवण्या'बद्दल. त्यात बनवणं, विकणं, रूपांतर करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं सगळं एका माळेत ओवलंय आणि त्याला वेगळा परवाना. म्हणजे सालेकशाच्या शेतकऱ्याला भरमारीचा परवाना मिळाला असं समजा. ती बंदूक त्याने घ्यायची कोणाकडून? परवानाधारक विक्रेत्याकडून, परवानाधारक कारखान्यात बनलेली. शेजारच्या गावचा लोहार, जो भरमार बनवू शकतो, तो चित्रात कुठेच नाही. त्याने बनवली तर गुन्हा, नुसता घोडा दुरुस्त करून दिला तरी गुन्हा. १८५७ मध्ये बंद केलेलं दार १९५९ ने उघडलं नाही. ग्राहकासाठी खिडकी ठेवली, कारागिरासाठी भिंतच.

आणि 'फायरआर्म'ची व्याख्या बघितलीत तर थक्क व्हाल. तिच्यात बंदुकीचे सुटे भाग येतात, आणि बंदूक बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. कायद्यापुढे बंदूक बनवण्याचं मशीन हीसुद्धा बंदूकच! अमेरिकेत याच्या अगदी उलट. तिथे १९६८ च्या कायद्यानुसार परवाना लागतो तो शस्त्रांचा 'धंदा' करणाऱ्याला. स्वतःपुरती बंदूक घरी बनवायला केंद्रीय कायद्याची मनाई नाही (काही राज्यांनी वेगळे नियम केलेत). शिवाय बंदुकीचा एकच मुख्य भाग कायद्याने 'बंदूक' ठरतो. मग लोकांनी तो भाग अर्धवट घडवून विकायला सुरुवात केली, उरलेलं काम तुम्ही घरी करा. त्या किटना बंदूक मानायचं का, यावर २०२२ मध्ये सरकारने नियम केला आणि २६ मार्च २०२५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी तो टिकवला. व्याख्येतला एक लूपहोल बुजवायला एवढी वर्षं. आपल्या व्याख्येत लूपहोल नाही, पण ती इतकी रुंद आहे की तिच्यात कोण सापडेल याचा नेम नाही.

मे २०१३ मध्ये कोडी विल्सन नावाच्या टेक्ससमधल्या विद्यार्थ्याने थ्रीडी प्रिंटरवर निघणाऱ्या पिस्तुलाच्या फायली इंटरनेटवर टाकल्या. सरकारने त्या काढायला लावल्या तोपर्यंत दोन दिवसांत लाखभर डाउनलोड झाले होते. जपानमध्ये ८ जुलै २०२२ ला शिंझो आबे यांची हत्या झाली ती घरी बनवलेल्या बंदुकीने, आणि जगातले सगळ्यात कडक शस्त्रकायदे असलेल्या देशात! त्यानंतर २०२४ मध्ये जपानने कायदा बदलला आणि अशी शस्त्रं बेकायदा बाळगायला इंटरनेटवरून चिथावणी देणं गुन्हा केलं. वस्तू, मग मशीन, मग माहिती. टिळकांना याच वाटेवरच्या प्रश्नासाठी मंडालेला पाठवलं होतं.

परत घरी येऊ. २०१९ मध्ये आपल्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. बिनपरवाना बनवण्याची शिक्षा आधी तीन ते सात वर्षं होती, ती कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप झाली. ही दुरुस्ती कोणासाठी केली ते कळायला अवघड नाही. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याला लागून, सीमेपलीकडे मध्य प्रदेशात उमर्टी नावाचं गाव आहे. पुण्यात एखाद्या पोराच्या कमरेला गावठी कट्टा सापडला की माग बरेचदा तिथे जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन छापे घातले आणि भट्ट्या मोडल्या. तिथले कारागीर बव्हंशी सिकलीगर. मुळात हत्याराला धार आणि झिलई देणारे, पिढ्यान्पिढ्या सैन्यांची शस्त्रं घडवणारे लोक. (सगळा समाज हेच करतो असं अजिबात नाही, हे कंसात का होईना पण लिहायलाच हवं.) कट्टा हा माणूस मारायला बनतो, आणि विकायला बनतो. त्याला सात वर्षं शिक्षा झाली तर माझी काही तक्रार नाही.

पण कलमात शब्द एकच आहे, 'बनवणे'. महिन्याला ढिगाने कट्टे काढणारी टोळी आणि डुकरांसाठी एक भरमार घडवून देणारा लोहार, दोघांची किमान शिक्षा सारखीच. सात वर्षांच्या खाली यायला न्यायाधीशाच्या हातात काही ठेवलेलं नाही. १९५९ च्या संसदेला भरमार आणि रिव्हॉल्व्हर यातला फरक कळत होता, तो त्यांनी कलम १३ मध्ये लिहून ठेवला. २०१९ वाल्यांनी शिक्षेच्या कलमात तो लिहिला नाही.

दुसरीकडे १३(३) ची खिडकीही आमच्या जिल्ह्यात अरुंद झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३४ म्हणतं की अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवीन शस्त्रपरवाना देता येणार नाही. आता गोंदिया जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि नागझिऱ्याभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढा. डुकरं जास्त तिथेच, आणि परवाना अवघड तिथेच. वाघांसाठी हे कलम हवं, यात शंका नाही. (नागझिऱ्यात वाघ बघायला सगळ्यात आधी पळणाऱ्यांत मीही असतो.) शिवाय परवाना मिळाला तरी डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि बाराच्या दारूला स्फोटकांचा कायदा आहेच. त्यात पूर्वेकडच्या तालुक्यांनी अनेक वर्षं नक्षलवाद बघितला, दलमच्या खालच्या फळीकडे भरमारीच असायच्या, तेव्हा अशा भागातून आलेल्या अर्जाकडे पोलीस कसे बघत असतील ते सांगायला नको. प्रत्येक अट एकेकटी घेतली तर शहाणपणाची आहे. सगळ्या एकत्र लावल्या की 'देईल' चं 'बघू' होतं.

कर्नाटकातल्या कोडगूमध्ये मात्र कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, आणि केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवलीय. म्हणजे कायद्यात अपवादाची सोय आहे, कलम ४१ त्यासाठीच आहे. तो अपवाद मागायला मात्र संघटित आवाज लागतो. धानाच्या शेतकऱ्याचा आवाज हमीभाव आणि बोनस मागण्यातच संपतो.

जाता जाता एक कामाचं, कारण हा प्रश्न मला गावाकडच्या मित्रांनी विचारलाय: आज्याची गंजलेली भरमार माळ्यावर सापडली तर? कलम ४५ मध्ये जुन्यापुराण्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे. पण ती वाचताना घाई करू नका. सूट मिळते ती दुरुस्ती न करता किंवा दुरुस्ती 'करूनही' बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशालाच. चांगला लोहार एका दुपारी चालू करू शकेल अशी भरमार कायद्याने आजही बंदूकच आहे. आणि ती चालू होते का हे बघायला लोहाराकडे नेलीत, तर कलम ५ त्यालाही लागतं.